मिळकत घेऊ इच्छिणाऱ्या नवख्या ज्ञातिबांधवांस चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज मला आपणांपुढे उभे केले याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविले व २०१६ साली सेवानिवृत्त झालो. मी वकील नव्हे, दलाल नव्हे, बांधकामाचा ठेकेदारही नव्हे. तेव्हा घरादाराच्या खरेदीवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर ते रास्तच होईल. माझा अधिकार इतकाच की, या व्यवहारात मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. आणि ठेच लागलेल्या माणसास वाटेवरचा दगड नेमका कोठे आहे हे ठाऊक असते.

आपल्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडला नव्हता. तेव्हाची आपली बहुतेक कर्ती माणसे मुंबईस गिरणीत वा गोदीत असत. लालबाग-परळच्या चाळीत गावकीची एक खोली असे. तीत गावची पंधरा-वीस माणसे पाळीप्रमाणे निजत, आणि पोस्टाने येणाऱ्या मनीऑर्डरीवर मालवणातील चूल पेटत असे. मिळकत म्हणजे वाडवडिलांचे घर आणि त्याभोवतीचे माड. ती विकत घ्यावयाची वस्तू आहे, किंबहुना तिच्यावर उत्पन्न मिळवावे, हा विचारच कोणाच्या मनास शिवत नसे. आता दिवस पालटले. १९८१ साली आपला जिल्हा वेगळा झाला, १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपर्यंत सलग धावू लागली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीच्या धावपट्टीवर प्रवासी विमान उतरले. मुलांच्या पगाराचे, निवृत्तिवेतनाचे, पर्यटकांच्या बोटींचे चार पैसे घराघरांत आले. त्यामुळे रस्त्यात भेटणारा दर तिसरा गृहस्थ मला विचारतो, "गुरुजी, एखादी खोली घेऊन भाड्यान देवची म्हणतंय, तुमका काय वाटता?"

मला काय वाटते ते सांगण्यापूर्वी माझी गोष्ट सांगतो.

निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळून हाती थोडी रक्कम आली. २०१७ च्या मार्गशीर्षात एका परिचिताने शेजारच्या गावातील एक जुने घर दाखविले. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे अंगण, मागे सहा-सात माड, आणि समुद्राचा आवाज पडवीत बसून ऐकू यावा इतके अंतर. घराची डागडुजी करून पर्यटकांस दोन खोल्या द्याव्यात, असा माझा बेत होता. किंमत बाजारभावाहून पुष्कळ कमी सांगितली गेली, आणि खरे पाहता मी तेथेच सावध व्हावयास हवे होते. सातबारा मी पाहिला होता. त्यावर तेरा नावे होती. "बाकीच्यांच्या सह्या मी आणतो, सर्व आमच्या घरचेच आहेत," असे विकणारा म्हणाला. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर इसारपावती लिहून मी दोन लाख रुपये त्याच्या हाती दिले. आयुष्यभर मुलांना 'वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका' असे बजावणाऱ्या या मास्तराने तेरा नावे वाचली. पण त्या नावांची माणसे कोठे आहेत, हे मात्र विचारले नाही.

तेरांपैकी चार वारले होते व त्यांचे वारस लागलेले नव्हते. तिघे मुंबईस, एक परदेशी. आणि त्या घरच्या तीन बहिणींची नावे तर सातबाऱ्यावर मुळीच नव्हती. इसार देऊन महिना झाला असेल नसेल, एके सायंकाळी एक बाई माझ्या दारी आली. माझीच विद्यार्थिनी, चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेली, वेंगुर्ल्यास दिलेली. पाणी घेतले नाही, बसली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, माज्या माहेराचो उंबरो तुमी इकत घेतलास? माका कोणी इचारूक पण नाय."

सद्गृहस्थहो, तिला देण्यासारखे उत्तर मजपाशी नव्हते. व्यवहार मोडला. विकणाऱ्याने पैसे खर्च करून टाकले होते. तीन वर्षांनी निम्मी रक्कम परत आली, उरलेली अद्याप आलेली नाही व येईल असे वाटत नाही. त्या एक लाखाचे दुःख आता ओसरले आहे. त्या बाईच्या प्रश्नाचे मात्र ओसरलेले नाही. म्हणून हा विषय मी आज घेतला.

पुढे कायद्याची माहिती करून घेतली, ती अशी. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मुलीला जन्मतः मुलाइतकाच सहदायकीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली काही मर्यादांसह दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने तो सर्व देशभर झाला. वडील ती दुरुस्ती येण्याच्या दिवशी हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. म्हणजे सातबाऱ्यावर बहिणीचे नाव नाही एवढ्यावरून तिचा हिस्सा नाही असे समजणे ही घोडचूक होय. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. आणखी एक कलम मला फार उशिरा कळले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याचे ४४ वे कलम असे सांगते की, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एखाद्याचा हिस्सा परक्या माणसाने विकत घेतला, तरी त्या घरात इतरांबरोबर राहण्याचा वा संयुक्त कबजाचा हक्क त्यास मिळत नाही. पैसे मोजून त्याच्या हाती पडतो तो वाटपाचा दावा. आपल्या तालुक्यांतील दिवाणी न्यायालयांत असे दावे एका पिढीकडून दुसरीकडे जातात, हे मी आपणांस सांगावयास नको.

तेव्हा समाईक मिळकत घ्यावयाचीच असेल तर प्रथम वारसतपास पुरा होऊ द्यावा, नंतर नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्रे होऊ द्यावीत आणि मगच इसार द्यावा. शेतजमिनीचे सहधारक एकमताने तयार असतील तर महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे वाटप करून मिळते. आणि हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण ते राजीखुशीने करते आहे की भाऊबीज तुटेल या भीतीने, हेही घेणाऱ्याने तिच्या तोंडून ऐकावे. कायदा हे सांगत नाही, मी सांगतो.

मुंबईकर बांधवांस येथे एक सूचना. 'गावच्या जमिनीचे काय करावयाचे?' असे म्हणून पुष्कळ जण आपला हिस्सा विकून टाकतात आणि त्या पैशांत विरार वा पनवेलकडे दुसरी सदनिका घेतात. १९४८ च्या कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि व्यवहारात शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून पुढे करावयाचा तो हाच सातबारा. आजोबांचे शेवटचे अर्धा गुंठाही नाव गेले की उद्या नातवाला गावी परतून चार कलमे लावण्यापुरती जमीन घेणेही कठीण पडते. विकावे न विकावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु आपण काय विकतो आहोत हे समजून विकावे.

जमिनीचा प्रकारही पाहिला पाहिजे. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती जमीन हस्तांतरित होत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीसही अशीच अट आहे. ती काही मर्यादेत २०१४ साली सैल झाली, पण सरसकट उठलेली नाही. आपल्या जिल्ह्यात आकारीपड जमिनी आहेत, सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकूळ, गेळे येथे कबुलायतदार गावकरांच्या जमिनींचा जुना प्रश्न आहे. नवख्याने अशा जमिनींच्या वाटेस जाऊच नये. शेतजमिनीचे लहान लहान भूखंड पाडून 'गुंठेवारीने' विकणारे पुष्कळ भेटतात. तेथे बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि तुकडेबंदी कायदा या तिन्ही गोष्टी वकिलाकडून तपासून घ्याव्यात. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा दाखवून कोणी 'हे बघा, घर माझ्या नावावर' म्हणाला, तर त्यास नम्रपणे विचारावे की जमीन कोणाच्या नावावर? आपल्याकडे घर एकाचे, भाट दुसऱ्याचे आणि माड तिसऱ्याचे, हा प्रकार नवा नाही.

आणि वाट! नकाशावर वाट आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर आहे, हे पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. आज ज्या गडग्यातून आपण आत जातो तो गडगा उद्या बंद झाला तर घर आकाशातून गाठावे लागेल. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. तिचा खर्च अंगावर येतो असे वाटते, पण भावकीच्या भांडणाच्या मानाने तो काहीच नव्हे.

समुद्राकाठच्या जागेचा मोह सर्वांनाच असतो. मलाही होता. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची आणि आताची २०१९ ची. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत सर्वसाधारणपणे नवीन घर बांधता येत नाही. फार दाट वस्तीच्या गावांपुरते हे अंतर नव्या अधिसूचनेने ५० मीटरवर आणले आहे. खाडीकाठालाही नियम आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुने अधिकृत घर दुरुस्त करता येते. पण 'जुने घर दाखवून त्याजागी दुमजली लॉज उठवू' असा सल्ला देणारा दलाल बांधकाम पाडण्याच्या नोटिशीच्या दिवशी आपल्या शेजारी उभा राहत नाही. शिवाय समुद्र काही अधिसूचना वाचून येत नाही. देवबागेची चिंचोळी पट्टी, एका बाजूस कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूस दर्या, तिची धूप आपण सर्व पाहतोच आहोत. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या वाडीतील पत्रे पतंगासारखे उडाले, माड घरांवर कोसळले आणि पुढे कित्येक दिवस विजेचा पत्ता नव्हता. त्या वादळानंतर विमा उतरविण्यासाठी धावलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. विमा वादळापूर्वी उतरवावयाचा असतो, असे त्यांस सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

येथे एक जुन्या पद्धतीची परीक्षा सांगतो. आपल्याकडे मिळकत दाखविणारा माणूस गिऱ्हाइकास पौष-माघात बोलावतो. हवा आल्हाददायक, अंगण सारवलेले, माडांवर शहाळी. आपण तेव्हा यावे, चहा घ्यावा आणि परत जावे. विहीर पाहावयाची ती वैशाखात, कारण तेव्हा तिचा तळ दिसतो आणि पाणी मचूळ होते की नाही ते कळते. छप्पर आणि भिंती पाहावयाच्या त्या आषाढात. सिमेंटच्या घरात छताचा गिलावा फुगला आहे काय, सळी उघडी पडून तांबारली आहे काय, हे पाहावे. खारी हवा लोखंड खाते. बांधकामात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर आतूनही खाते. खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात. या खर्चाचा आकडा विकणाऱ्याच्या कागदावर कधी नसतो.

आता सदनिकेकडे वळतो. ज्यांस जमिनीच्या भानगडीत पडावयाचे नाही ते कुडाळ, कणकवली, सावंतवाडी वा मालवण शहरात सदनिका घेतात. नवख्यास ते एकंदरीत सोयीचेही पडते. स्थावर संपदा कायदा २०१६ चा असून त्याची अंमलबजावणी २०१७ पासून होत आहे. त्याखाली महारेराकडे प्रकल्पाची नोंद असते, ती संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. बांधणाऱ्याने नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या शेकडा दहांहून अधिक रक्कम घेऊ नये, क्षेत्र चटईचे म्हणजे प्रत्यक्ष पाय ठेवावयाच्या जागेचे सांगावे, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा, असे त्यात आहे. मात्र ५०० चौरस मीटरहून अधिक नसलेल्या जागेवरील, किंवा आठांहून अधिक सदनिका नसलेल्या इमारतींस नोंदणीतून सूट आहे, आणि आपल्याकडील पुष्कळ इमारती अशाच लहान. तेथे आपले डोळे आणि आपला वकील हेच महारेरा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली सदनिका, कितीही स्वस्त असो, घेऊ नये. केवळ कुलमुखत्यारपत्रावर 'खरेदी' देऊ करणाऱ्यास तर दारातूनच निरोप द्यावा. अशा कागदाने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. घर पत्नीच्या वा मुलीच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात महाराष्ट्रात २०२१ पासून शेकडा एकाची सवलत आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा. आणि त्या निमित्ताने एखाद्या घरावर बाईचे नाव लागेल, तेही बरेच.

आता गणित. मी गणिताचा मास्तर, तेव्हा हे सोडणार नाही. समजा, कुडाळास ३० लाखांची सदनिका घेतली. मुद्रांक, नोंदणी, वकील, पंखे-दिवे मिळून दोन लाख. एकूण ३२ लाख गुंतले. भाडे दरमहा ८ हजार धरू. वर्षाचे ९६ हजार. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले, ८ हजार गेले. सोसायटीची वर्गणी १२ हजार, घरपट्टी ४ हजार, रंगरंगोटी व दुरुस्ती ८ हजार. उरले ६४ हजार. ३२ लाखांवर ६४ हजार म्हणजे शेकडा दोन! बँकेत मुदत ठेव ठेवली तर याच्या तिपटीच्या आसपास व्याज घरबसल्या येते. आता याच घरासाठी २० लाखांचे कर्ज शेकडा नऊ दराने वीस वर्षांकरिता काढले, तर मासिक हप्ता जवळजवळ १८ हजारांचा. भाडे ८ हजार, खिशातून १० हजार. वीस वर्षांत परतफेड ४३ लाखांवर, त्यात व्याजच २३ लाखांहून अधिक. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या गावचे घालून प्रत्येकाने घरी हिशेब मांडावा. त्यातून एवढे दिसेल की भाड्यासाठी घेतलेल्या घराचा खरा नफा भाड्यात क्वचितच असतो. तो पुढेमागे किंमत वाढेल या आशेत असतो. आशेवर कर्ज काढावयाचे तर हप्ता असा असावा की घर सहा महिने रिकामे राहिले तरी मुलांच्या शिक्षणावर हात पडू नये.

भाडेकरू बारा महिने कोठे मिळतो? जेथे बदलीवर येणारी माणसे आहेत तेथे. ओरोसची जिल्हा कचेरी, कुडाळची औद्योगिक वसाहत, महाविद्यालये, रुग्णालये यांच्या जवळ. भाड्याचा करार, अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, लेखी करून नोंदवावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करार नोंदविला नसेल तर वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. 'माणूस ओळखीचा आहे' म्हणून कागद टाळणारे आपल्यात फार. ओळख टिकावी म्हणूनच कागद करावा.

तारकर्ली, देवबाग, वायरी, आचरा येथे पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्यांची भरभराट दिसते, ती खोटी नव्हे. परंतु ती भाड्याची मिळकत नसून धंदा आहे, आणि धंद्यास माणूस लागतो. पहाटे पाण्याचा पंप चालू करणारा, सोलकढी बिघडली तर गिऱ्हाइकाचे बोलणे खाणारा, चादरी धुणारा. बहुतेक घरांत हे सर्व घरच्या बाईच्या अंगावर पडते आणि हिशेबाच्या वहीत तिची मजुरी शून्य लिहिलेली असते. पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न जवळजवळ नाही. मुंबईत बसून दादरच्या माणसाने येथे अशी मिळकत चालवू म्हटले तर ती चालविणारा चालवील, आणि दादरकर वर्षाकाठी मासे खाऊन जाईल.

माझ्या गोष्टीचा उरलेला भाग सांगून थांबतो. त्या तेरा नावांच्या घराची वाटणी अखेर २०२२ साली झाली. तिन्ही बहिणींची नावे लागली. घर कोणी विकले नाही. माझी विद्यार्थिनी गणपतीस तेथे येते, आणि गेल्या वर्षी मलाही आरतीस बोलावणे होते. मी उरल्यासुरल्या पैशांत कुडाळास एक लहान जुनी सदनिका घेतली. तीस वर्षांचा शोध अहवाल काढला, आषाढात दोनदा जाऊन छत पाहिले, मगच सही केली. तिचे भाडे माझ्या औषधपाण्यास पुरते, त्याहून अधिक नाही.

मंडळाने परवानगी दिली आहे म्हणून सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी आपल्या ज्ञातिगृहात बसेन. ज्यांस मिळकत घ्यावयाची वा विकावयाची आहे त्यांनी सातबारा, आठ-अ, फेरफार आणि असेसमेंट यांच्या नकला घेऊन यावे. मी त्या वाचून दाखवीन आणि वकिलास काय विचारावे ते लिहून देईन. मूळ कागद घरीच ठेवावेत. येताना एका वेगळ्या कागदावर आपल्या आत्यांची आणि बहिणींची नावे, त्या कोठे दिल्या आहेत त्या गावांसह, लिहून आणावीत.